एकास अठ्ठेचाळीस

कार्डशीटची एक पट्टी घ्यावी आणि आधी उभी, मग आडवी वाकवून पाहावी. एकीकडे ती मुकाट वळते, दुसरीकडे अडून बसते. कारखान्यात कागद तयार होतानाच त्यातले तंतू एका दिशेला निजलेले असतात आणि पुढे त्या कागदाचं काहीही करायचं म्हटलं तरी त्यांच्या कलानं घ्यावं लागतं. नळी वळायची तर तंतू नळीच्या लांबीला समांतर हवेत. उलटा धरला की कागदाला बारीक चुण्या पडतात, नळी गोल न होता पैलूदार होते. खरोखर उडणारं रॉकेट कागदातून घडवायला बसणाऱ्याची पहिली गाठ पडते ती या तंतूंशी. गणित आणि दारूगोळा, दोन्ही नंतर.

नमुना म्हणून समोर ठेवायला मर्क्युरी-रेडस्टोनइतकं देखणं रॉकेट क्वचितच सापडेल. सॅटर्न-५ चा मोह कुणालाही होतो; पण ११० मीटर उंचीचं ते तीन टप्प्यांचं धूड, त्यावरच्या पन्हळी आणि नळ्या कागदात उतरवायच्या म्हणजे हात आधी बराच मुरलेला हवा. रेडस्टोन सरळ, सडपातळ. अलाबामातल्या हंट्सव्हिल इथे व्हेर्नर फॉन ब्राउन यांच्या चमूनं ते मूळ क्षेपणास्त्र म्हणून घडवलं. ५ मे १९६१ रोजी ॲलन शेपर्ड याच रॉकेटच्या टोकावर बसून १८७ किलोमीटर उंच गेले, पंधरा मिनिटांत अटलांटिक महासागरात उतरले आणि अवकाशात जाणारे पहिले अमेरिकन ठरले.

खरं मर्क्युरी-रेडस्टोन, माणूस बसायची कुपी आणि तिच्यावरच्या मनोऱ्यासह, २५.४ मीटर उंच होतं, धडाचा व्यास १.७८ मीटर. एकास अठ्ठेचाळीस हे प्रमाण धरलं की उंची ५३ सेंटिमीटर आणि व्यास ३७ मिलिमीटर येतो. या व्यासाचा परीघ साडेअकरा सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे ए-४ कागदावर डिंकाची पट्टी सोडूनही धड आरामात बसतं. लांबीला मात्र एक कागद पुरत नाही. दोन नळ्या करून आतून जोडपट्टी द्यावी लागते. २०० जीएसएमची ए-४ कार्डशीट भरते साडेबारा ग्रॅम. एवढ्याशा वजनातून माणसाला अवकाशात नेणाऱ्या यंत्राचं अंग उभं राहतं, हे हातांनी करताना दरवेळी नवंच वाटतं.

खरं कौशल्य लागतं ते कुपीला. मर्क्युरी कुपीचा मोठा भाग म्हणजे टोक छाटलेला शंकू. त्याची भिंत मध्यरेषेशी २० अंशांचा कोन करते. हा शंकू उलगडून कागदावर पसरला की पंख्याचा आकार मिळतो आणि त्या पंख्याचा कोन निघतो १२३ अंश. दोन-तीन अंशांची गफलत झाली तरी शंकू धडावर नीट बसत नाही, कडेला फट दिसते. मूळ कुपीवर धातूच्या पन्हळी पत्र्यांचं आवरण होतं. त्यासाठी शाई संपलेल्या बॉलपेननं, पट्टी धरून, कागदाच्या मागच्या बाजूनं रेघा दाबायच्या: एकमेकींपासून मिलिमीटरभर अंतरावर, ओठ आवळून, घाई न करता. कापलेल्या कडेला कागदाचा पांढरा गाभा उघडा पडतो आणि काळ्या कुपीवर ती पांढरी रेघ लांबूनही डोळ्यांत खुपते. म्हणून चिकटवण्याआधी प्रत्येक कड काळ्या पेन्सिलनं रंगवून घेतात. डिंक अगदी पातळ थरात, बोटानं नव्हे तर काडीनं लावायचा. जास्त झाला की कागद ओल पितो आणि फुगतो. कुपीवरचा तीन पायांचा सुटका-मनोरा बांबूच्या काड्यांचा करावा हे उत्तम. कागदाचा हट्ट तिथे धरू नये.

हे सगळं करून मॉडेल काचेच्या कपाटात उभं करणारेही पुष्कळ आहेत आणि त्यांच्या कारागिरीला नमस्कारच. पण रॉकेट म्हणजे उडण्यासाठी केलेली वस्तू. आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये प्रमाणबद्ध प्रतिकृतींचा स्वतंत्र गट असतो. पहिली जागतिक स्पर्धा १९७२ मध्ये युगोस्लाव्हियातल्या व्हर्शात्स इथे झाली. परीक्षक आराखडे आणि छायाचित्रं शेजारी ठेवून मॉडेल मोजतात आणि त्यानंतर ते उडवावंच लागतं. उड्डाणालाही गुण असतात. असंच असायला हवं.

उडवायचं असतं म्हणून कागद. या छंदाचा उगम नेब्रास्कातल्या नॉरफोक या गावात आहे. तिथे ऑर्व्हिल कार्लाइल यांचं चपला-बुटांचं दुकान होतं आणि त्यांना शोभेच्या दारूकामाचा नाद होता. भाऊ रॉबर्ट विमानांची मॉडेल्स उडवायचे. १९५४ मध्ये दोघा भावांनी हलक्या कागदी नळीचं रॉकेट केलं. त्यात दारूची कांडी बदलता येई आणि ते पॅराशूटनं सुखरूप खाली येई. स्पुटनिकनंतर अमेरिकेतली मुलं लोखंडी पाइपांत स्फोटकं ठासून बोटं-डोळे गमावत होती, त्या काळात कार्लाइल यांची कल्पना जी. हॅरी स्टाइन यांनी उचलून धरली. व्हर्न एस्टिस यांनी मोटरी, म्हणजे या दारूच्या कांड्या, भरणारं यंत्र बांधलं, त्याचं नाव ‘मेबल’. तिथल्या सुरक्षा-नियमावलीत तेव्हापासूनचं तत्त्व आजही आहे: नाक, अंग आणि पंख कागद, लाकूड, रबर, प्लास्टिक अशा हलक्या वस्तूंचे. मोटर कारखान्यात भरलेलीच घ्यायची, घरी काहीही कालवायचं नाही. काही बिघडलं तर कागद चुरगळतो, फाटतो. लोखंडासारखे त्याचे तुकडे सुटत नाहीत. लाखो मुलांची बोटं या एका गुणानं शाबूत राहिली.

आता अडचण. खऱ्या रेडस्टोनला दिशा देण्यासाठी ज्वालेत धरलेल्या कार्बनच्या पात्या होत्या, त्यांना हलवणारी यंत्रणा होती. शेपटीचे चार पंख त्यामुळे लहान असले तरी चालत. कागदी रेडस्टोनला यातलं काहीच नाही. त्याला फक्त वारा आणि स्वतःचा तोल. नियम असा की रॉकेटचा गुरुत्वमध्य हवेच्या दाबाच्या मध्यापेक्षा निदान एका व्यासाइतका पुढे हवा; इथे ३७ मिलिमीटर. दाबाचा मध्य काढण्याची जुनी पद्धतही कागदीच आहे. रॉकेटची बाह्यरेषा पुठ्ठ्यावर काढून कापायची आणि तो पुठ्ठा पट्टीच्या धारेवर तोलायचा. जिथे तोलतो तो बिंदू हिशेबाला धरायचा. हे उत्तर जास्तच सावध असतं. १९६६ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रातल्या जेम्स बॅरोमन यांनी छंदिष्टांना वापरता येतील अशी अचूक सूत्रं दिली.

प्रमाणात केलेले चिमुकले पंख या हिशेबात कमी पडतात. मग काहीजण मागे पारदर्शक प्लास्टिकचे जादा पंख लावतात. त्यापेक्षा कुपीच्या पोटात मातीचा गोळा बसवणं जास्त योग्य. उंची थोडी घटते, पण रूपाला धक्का लागत नाही. शेवटची परीक्षा मोकळ्या मैदानात: मोटर भरलेल्या रॉकेटला गुरुत्वमध्याशी दोरा बांधून गोफणीसारखं डोक्याभोवती फिरवायचं. नाक पुढे ठेवून फिरलं तर ते उडायला लायक. आडवं पडून फिरलं तर आणखी माती.

आकार प्रमाणात उतरतो, उड्डाण उतरत नाही. खऱ्या मर्क्युरी-रेडस्टोनचं वजन ३० टनांच्या घरात आणि इंजिनाचा जोर वजनाच्या जेमतेम १.१८ पट, म्हणून ते जमीन सोडताना जड, सावकाश दिसायचं. ऐंशी ग्रॅमच्या मॉडेलमध्ये सी६-३ मोटर घातली तर सरासरी जोर ६ न्यूटन, म्हणजे वजनाच्या साडेसात पट. उड्डाणासाठी रोवलेल्या सळईवरून ते सपकन निघून जातं. सी हे अक्षर मोटरची एकूण ताकद सांगतं, ६ हा सरासरी जोर आणि ३ म्हणजे जळून संपल्यावर पॅराशूट बाहेर फेकेपर्यंतचे सेकंद. ज्वलन दोन सेकंदांच्या आत आटोपतं.

कधी बटण दाबूनही काहीच होत नाही. अशा वेळी बटणाच्या पेटीची किल्ली काढून घ्यायची आणि साठ सेकंद कुणीही जवळ जायचं नाही, हा नियम. धीर धरवत नाही त्यांनी २१ नोव्हेंबर १९६० चा केप कॅनव्हरल आठवावा. पहिलं मर्क्युरी-रेडस्टोन, माणसाविना, इंजिन पेटून दहा सेंटिमीटर उचललं गेलं आणि शेपटीच्या दोन विद्युत-जोडण्या चुकीच्या क्रमानं सुटल्यामुळे इंजिन बंद पडलं. रॉकेट पुन्हा चौथऱ्यावर टेकलं. सुटका-मनोरा एकटाच कुपी सोडून उडाला, मग कुपीतून पॅराशूट बाहेर पडून रॉकेटच्या कडेनं लोंबू लागलं. वाऱ्यानं ते फुगलं असतं तर इंधनानं भरलेलं रॉकेट आडवं झालं असतं. बंदुकीनं टाकीला भोकं पाडावीत अशीही सूचना आली. ती बाजूला ठेवून लोक थांबले. बॅटऱ्या उतरेपर्यंत, द्रवरूप प्राणवायू उडून जाईपर्यंत, दुसरा दिवस उजाडेपर्यंत. महिन्याभरात, १९ डिसेंबरला, पुढचं रॉकेट व्यवस्थित गेलं.

कागदी रेडस्टोन परतताना बहुधा शेपटीवर आपटतं आणि खालची कड चेमटते. कधी कुपी आणि धड जोडणाऱ्या लवचीक दोरीच्या हिसक्यानं कुपी मागे येऊन धडाच्या वरच्या काठाला चीर पाडते. चेमटलेला भाग नव्या पात्यानं काटकोनात कापून टाकावा, आतून जोडनळी बसवावी आणि तेवढ्याच मापाचा छापील तुकडा वरून गुंडाळावा. सांध्यावर पेन्सिल फिरवली की झालं. मात्र तुकडा कापण्याआधी त्याची पट्टी करून दोन्ही दिशांनी वाकवून पाहावी.