मिरासदार आणि उपरी

महसूल खात्यात ३१ वर्षे कारकुनी केलेल्या माणसाला जगातील यच्चयावत वस्तूंची दोन खात्यांत वाटणी करण्याची खोड जडली, तर त्यात नवल नाही. जमीन कसणारा हा गावचा वंशपरंपरागत मिरासदार, की बाहेरून येऊन जमीन धरलेला उपरी, हा मराठेशाहीतील भेद काळाने केव्हाच निकालात काढला. परंतु जुन्या दप्तराचे रुमाल सोडता-बांधता तो माझ्या डोक्यात असा काही रुजला की, गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ या गावी, कन्येच्या परसात एका निष्पर्ण झाडापुढे उभा राहिलो असता, मला पहिला प्रश्न सुचला तो हाच, की हे झाड इथले मूळचे की कोणी आणून लावलेले?

ज्या ऋतूत आमच्या जुन्नर तालुक्यात माणसे अंगणात झोपतात, त्या ऋतूत सुपीरियर सरोवराच्या काठच्या या गावी मी स्वेटर घालून हिंडत होतो. परस उताराचे, आणि उतार जिथे संपतो तिथे दलदल. भोवतालच्या बर्च आणि मेपल वृक्षांना पोपटी पालवी फुटलेली. हे एकटे मात्र चिखलात पाय रोवून तारेच्या खांबासारखे उघडेबोडके उभे. "बाबा, हे ठेवावं की तोडावं?" असे कन्येने विचारताच मी, अर्जाचा मजकूर न वाचता शेरा मारणाऱ्या अधिकाऱ्याच्या तत्परतेने, झाड मेले आहे, तोडून टाक, असा हुकूम देऊन मोकळा झालो. शेजारी फिनलंडहून आलेल्या घराण्यातले एक वृद्ध गृहस्थ राहतात. कुंपणापलीकडून हे ऐकून ते हसले. हा ब्लॅक अ‍ॅश आहे, म्हणाले. पालवी सगळ्यांच्या मागून आणतो आणि पाने सगळ्यांच्या आधी टाकतो. जून उजाडू द्या. त्यांनी एक खालची फांदी वाकवून माझ्यापुढे धरली. टोकाशी मिरीच्या दाण्याएवढी, जवळजवळ काळी अशी कळी होती. नखाने टोकरली तेव्हा आत हिरवा ठिपका दिसला. आठवडाभरात त्याच कळीतून संयुक्त पान उलगडले. त्याच्या नऊ पर्णिका देठाशिवाय थेट शिरेला चिकटलेल्या, कडा कडुलिंबासारख्या दातेरी. पुढे वाचनात आले की हा वृक्ष आपल्या मोगरा, जाई आणि पारिजातक यांच्याच कुळातला आहे. तेव्हापासून त्याच्याकडे पाहण्याची माझी दृष्टी, खोटे कशाला सांगू, थोडी सोयऱ्याधायऱ्यांची झाली.

परंतु तोडण्याची भाषा कन्या उगाच करीत नव्हती. पूर्व आशियातून, बहुधा मालाच्या खोक्यांच्या लाकडातून, एक हिरव्याकंच झळाळीचा भुंगेरा या खंडात शिरला. २००२ साली तो मिशिगन राज्यात डेट्रॉइटच्या आसपास प्रथम ओळखला गेला, २००९ साली मिनेसोटात सेंट पॉल येथे सापडला आणि २०१५ साली डुलुथमध्ये पोहोचला. त्याची अळी सालीखाली नागमोडी बोगदे कोरीत झाडाचा अन्नपाण्याचा मार्ग तोडते, आणि पूर्ण वाढलेला कीटक तीनेक मिलिमीटरचे अर्धचंद्राकृती छिद्र पाडून बाहेर पडतो. स्वदेशात हा तितकासा उपद्रवी नाही, कारण तिथल्या अ‍ॅशवृक्षांची आणि त्याची ओळख फार जुनी. इथल्या काळ्या अ‍ॅशजवळ मात्र त्याच्याविरुद्ध जवळजवळ काहीच संरक्षण नाही. मिनेसोटात सर्व जातींचे मिळून सुमारे शंभर कोटी अ‍ॅश आहेत आणि त्यांत मोठा भरणा या काळ्या अ‍ॅशचाच. आमच्या झाडाच्या वरच्या अंगाला साल सोलवटून फिकट पट्टे पडले होते. सुतारपक्षी अळ्या टिपतो त्याची ती खूण. खोडात औषध टोचण्याचा उपाय आहे, पण दोन-तीन वर्षांनी तो पुन्हा करावा लागतो, आणि शेंड्याचा तिसरा हिस्सा वाळल्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. लागण झालेल्या मुलुखातून जळाऊ लाकूड बाहेर नेण्यास मनाई असल्याचे फलक मी रस्त्याकडेला वाचले, आणि जप्तीच्या मालासंबंधीच्या आमच्या जुन्या परिपत्रकांची मला आठवण झाली.

या झाडाची खरी किंमत मला कळली ती एका रविवारी. ओजिब्वे या इथल्या मूळ रहिवाशांपैकी एक प्रौढ कारागीर गावातल्या एका मेळ्यात प्रात्यक्षिक दाखवीत होता. साल काढलेला काळ्या अ‍ॅशचा ओंडका आडवा टाकून तो कुऱ्हाडीच्या तुंब्याने त्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटभर अंतरावर घाव घालीत चालला होता, घाई न करता, कांडपाच्या लयीत. वसंतातले लाकूड सच्छिद्र असते. ठोक्यांनी ते चेचले, की एका वर्षाचे वलय दुसऱ्यापासून सुटे होते. आणि पाहता पाहता ओंडक्याच्या टोकाशी एक पट्टी उचलली गेली, ती त्याने चिमटीत धरून साडीचा पदर ओढावा तशी अखंड ओढून काढली. आमचे बुरूड बांबू पात्याने चिरतात, त्यात कौशल्य माणसाचे. इथे झाड स्वतःच साल-दर-साल बांधलेली आपली मिसल उघडून देत होते. एक पट्टी जाड, पुढची कागदासारखी पातळ. पातळ निघाली ते वर्ष झाडाला वाईट गेले, असे त्याने सांगितले. या पट्ट्यांच्या टोपल्या विणतात. हा वृक्ष गेला तर काय, असे विचारण्याचे माझ्या ओठावर आले होते. मी विचारले नाही.

घरी येऊन मी मोठ्या अभिमानाने कन्येला म्हटले की, तुमच्या या नाजूक मिरासदारापेक्षा आपल्या मळ्याच्या कुंपणाचा मोगली एरंड कितीतरी बरा: ना पाणी मागतो, ना औषध, ना गुरे त्याला तोंड लावतात, पावसाळ्याच्या तोंडी हातभर काडी खोचली की झाड झाले, अस्सल देशी वाण! त्यावर तिने शांतपणे पुस्तक उघडून दाखविले. ज्याला आपण मोगली एरंड किंवा चंद्रज्योत म्हणतो आणि सरकारी कागदांत जो जट्रोफा या नावाने वावरतो, तो मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. पोर्तुगिजांच्या गलबतांतून जगभर पसरला. वास्तविक नावातला 'मोगली' हा शब्दच त्याच्या परकेपणाची ग्वाही देत होता. पण साठ वर्षे माझ्या बांधावर निर्वेध वहिवाट करणाऱ्याचा मूळ दाखला मी कधी मागितलाच नव्हता. म्हणजे उपरी तो माझ्याकडे, तोही अमेरिकेचाच!

या उपऱ्याशी माझा व्यवहार जुना आहे. शाळेच्या वाटेवर त्याच्या पानाचा देठ अर्धवट मोडून, फटीत ताणलेल्या चिकाच्या पापुद्र्यावर हलकेच फुंकर घातली, की इंद्रधनुषी फुगे सुटत. कपड्यावर पडलेल्या चिकाचा तपकिरी डाग काही निघत नसे आणि त्यापायी आईचे धपाटे ठरलेले असत. पुढे २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने याच बियांच्या तेलातून डिझेल काढण्याची शिफारस केली, आणि २००९ च्या जैवइंधन धोरणात तर २०१७ पर्यंत वीस टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले गेले. त्या लाटेत रोपे विकणाऱ्या एका गृहस्थांच्या बोलण्यास भुलून मीही अर्धा एकर मुरमाड जमिनीत ४०० रोपे लावली. जगली सगळी. पण पाण्यावाचून जगणे वेगळे आणि पाण्यावाचून फळणे वेगळे. तिसऱ्या वर्षी जेमतेम दोन पोती बी निघाले, आणि ते घेण्यास येणारे गृहस्थ तोवर अंतर्धान पावले होते. यापेक्षा वाईट प्रसंग शेजारच्या वाडीवर झाला. मुलांनी बिया फोडून खाल्ल्या. मगज शेंगदाण्यासारखा गोडसर लागतो, हेच त्याचे घातकीपण. संध्याकाळपर्यंत सात मुले उलट्या करीत दवाखान्यात. सुदैवाने सगळी वाचली.

तेव्हा बागेत कोणते लावावे, हा प्रश्न मोठा चमत्कारिक होतो. एकाला पाय पाण्यात लागतात, दुसऱ्याच्या मुळाशी पाणी तुंबले तर तो कुजतो; एक उणे तीस अंशांतही हूं की चूं करीत नाही, दुसरा एका हिमरात्रीत काळा पडेल. ही तुलना केवळ कागदावरची. जमिनीने ती आधीच निकालात काढलेली आहे. मला स्वतःला अ‍ॅशची सावली विरळ वाटते आणि शोभेच्या झाडांत कोणी त्याची गणना करणार नाही. पण शेजारच्या गृहस्थांनी एक गोष्ट दाखविली, ती माझ्या मनातून जात नाही. त्यांच्या हद्दीतले अ‍ॅश दोन वर्षांपूर्वी वाळले, आणि तेव्हापासून त्यांच्या भाजीच्या वाफ्यात पाणी चढू लागले. ही झाडे उन्हाळाभर दलदलीचे पाणी उपसून हवेत सोडतात. ती गेली की पाणी वर येते आणि रान जाऊन लव्हाळा माजतो. म्हणजे मिरासदार नुसता आपल्या जमिनीवर उभा नव्हता, जमीन धरून उभा होता. कन्येने शेंड्याकडे पाहत हिशेब केला, आणि औषध टोचणाऱ्या माणसाला बोलावले.

ऑगस्टात मी परतलो. डिसेंबरात चार वर्षांची नात येणार होती, आणि नेमक्या त्याच सुमारास मोगली एरंडाची फळे तडकून काळ्या बिया कुंपणाखाली पडतात. घरालगतचे तीस हात कुंपण मी गड्याकडून तोडविले, मुळ्या खणविल्या, आणि खोडांची रास विहिरीपलीकडच्या खडकावर टाकविली. सप्टेंबरात कन्येचा फोन आला, तेव्हा तिच्या अ‍ॅशने परंपरेप्रमाणे सर्वांच्या आधी पाने टाकली होती. औषध लागू पडले की नाही, हे आता पुढच्या जूनमध्ये कळणार. फोन ठेवतो तोच गडी विहिरीकडून आला. खडकावरच्या राशीतील, मुळे ना माती अशा खोडांना डोळ्याडोळ्यांतून तळहाताएवढी पाने फुटली होती. त्यातलेच एक त्याने पुरावा म्हणून खांद्यावर टाकून आणले होते.

"भाऊसाहेब," तो म्हणाला, "आता हे कुठं लावायचं?"