तळातले बुडबुडे

२०२२ च्या नाताळापूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब कॅनडाला स्थायिक होण्यासाठी निघाले. सामानाची वाटणी झाली. कपाट नात्यातल्या एका मावशीकडे गेले, शिलाईयंत्र धर्मभगिनींच्या शिवणवर्गाला मिळाले आणि कोणालाच नको असलेली माशांची काचेची पेटी, अशा वस्तूंच्या नशिबी असते त्याप्रमाणे, धर्मगुरुनिवासात आली. अडीच फूट लांब, फूटभर रुंद, सव्वा फूट उंच. तळाशी चांगला चार इंचांचा रंगीत खड्यांचा थर, त्यावर सत्तरेक लिटर पाणी, चार गोल्डफिश आणि काच चाटत फिरणारा एक काळपट सकर. जाताना घरातल्या लहान मुलीने मला बजावले, "फादर, त्यांना उपाशी ठेवू नका हं."

आम्ही ती आज्ञा अक्षरशः पाळली. पहाटेच्या मिस्सेला जाण्यापूर्वी मी त्यांना दाणे टाकीत असे. नाश्त्यानंतर साहाय्यक धर्मगुरू टाकीत. दुपारी स्वयंपाकाच्या बाई भाकरीचा चुरा घालीत, आणि रविवारी धर्मशिक्षणाची मुले पेटीभोवती कोंडाळे करून जो काही प्रसाद देत, त्याची नोंद कोणी ठेवली नाही. गोल्डफिशला पुरे म्हणता येत नाही. जेवढे खाल्ले जाई तेवढे ते खात, उरलेले हळूहळू खाली जाऊन खड्यांच्या फटींत दिसेनासे होई. वरचे पाणी मात्र काचेसारखे नितळ.

मे महिन्यात मला ते बुडबुडे प्रथम दिसले. डाव्या कोपऱ्यात, हवेच्या नळीपासून पुष्कळ दूर, एका निळ्या खड्याखालून मोहरीएवढा एक मोती सुटला, डुलत वर आला आणि फुटला. थोड्या वेळाने दुसरा. मग बराच वेळ काही नाही. पंपाच्या बुडबुड्यांना लय असते, यांना नव्हती. रात्री प्रार्थनेचे पुस्तक मिटल्यावर मी खुर्ची ओढून त्यांच्याकडे पाहत बसू लागलो. मेलेल्या दगडांतून जणू कोणी श्वास घेत होते. २८ मे रोजी पवित्र आत्म्याच्या सणाच्या प्रवचनात मी त्यांचा उपयोग करावा हे ओघानेच आले. निर्जीव वाटणाऱ्या तळातूनही आत्म्याचा श्वास कसा वर येतो, हे मी पंधरा मिनिटे सांगितले. लोकांना आवडले. मला तर फारच आवडले.

मिस्सेनंतर सांक्रिस्तीत आमचा एक वेदीसेवक झगा घडी करीत रेंगाळला. बारावीत विज्ञान घेतलेला, घरी स्वतःच्या चार पेट्या असलेला. तो संकोचत म्हणाला, "फादर, रागावू नका, पण तो श्वास नाही. खाली कुजतंय."

मग त्याने मला जे समजावले ते मी पुढे वाचून पडताळले. पाण्यात प्राणवायू विरघळतो तो पृष्ठभागातून. माशांच्या विष्ठेतून आणि न खाल्लेल्या अन्नातून अमोनिया होतो. खड्यांच्या वरच्या थरातील जिवाणू हा प्राणवायू वापरून अमोनियाचे आधी नायट्राइट आणि नंतर नायट्रेट करतात. पण थर जाड असला आणि फटी गाळाने बुजल्या की खालपर्यंत प्राणवायू पोहोचतच नाही. तेथे दुसऱ्या जातीचे जिवाणू वस्ती करतात. त्यांतले काही नायट्रेटमधला प्राणवायू काढून घेतात आणि नुसता नायट्रोजन सोडून देतात. तो निरुपद्रवी, त्याला वासही नाही. पण त्याहूनही खाली, जेथे नायट्रेटही संपते, तेथे गंधकाच्या क्षारांवर जगणारे असतात, आणि त्यांच्यापासून निघणाऱ्या वायूला सडलेल्या अंड्याची घाण येते. माशांना तो थोडाही विषारी. सावकाश झिरपला तर वरच्या प्राणवायुयुक्त पाण्यात त्याचा दाह संपून जातो. म्हणून मासे महिनोन् महिने आनंदात पोहत असतात. "खडे काचेशी काळे झालेत का बघा," तो म्हणाला. "झाले असतील तर साफ करा, पण एकदम नको. एका वेळी थोडी जागा." खडे काळे झाले होते.

खरे तर मला हे ठाऊक असायला हवे होते. वसईतल्या ज्या वाडीत मी वाढलो तिच्या मधोमध बावखल होते, आणि उन्हाळ्यात पाणी खाली गेले की त्याच्या तळातून असेच बुडबुडे निघत. आम्ही मुले बांबू खुपसून ते काढीत असू. वडील ओरडत. वैशाखात गाळ उपसला जाई तेव्हा वाडीभर दुर्गंधी पसरे, आई डोक्यावरचा पदर नाकाला लावी. तो गाळ वडील लगेच केळींच्या मुळाशी घालीत नसत. काठावर पसरून उन्हात आठ-दहा दिवस ठेवीत. ओला घातला तर मुळे जळतात, असे ते म्हणत. वाळला की त्याची घाण जाई, रंग राखाडी होई, आणि मग तेच खत. हे सारे पाहिलेला मी. पण काचेच्या पेटीत निळे-पिवळे खडे असल्यामुळे तिच्याही तळाला गाळ असेल असे माझ्या मनातच आले नाही.

वाचताना आणखी एक गोष्ट सापडली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. १७७६ च्या नोव्हेंबरात इटलीतील माज्जोरे सरोवराच्या काठी अँजेरा गावाजवळ अलेस्सांद्रो व्होल्टा हा शास्त्रज्ञ काठीने चिखल ढवळून बुडबुडे बाटलीत गोळा करीत होता. त्याने ते पेटवून पाहिले. निळ्या ज्योतीने ते जळले. आज आपण त्या वायूला मिथेन म्हणतो. विजेच्या बिलावरचा व्होल्ट ज्याच्या नावाचा, तोच हा. विजेची बॅटरी त्याने पुढे १८०० साली केली. विशेष असे की, दलदलीतल्या या ज्वालाग्राही हवेविषयीची त्याची पत्रे, जी १७७७ साली छापली गेली, ती कार्लो ज्युसेप्पे काम्पी या धर्मगुरूला लिहिलेली आहेत. तळात काय पेट घेण्यासारखे आहे हे त्या फादरना तरी वेळेवर कळले होते.

मला कळले ते जुलैतल्या एका शनिवारी रात्री. वेदीसेवकाने सांगितलेली सावकाशीची गोष्ट मी विसरलो नव्हतो. मला ती भित्रेपणाची वाटली होती. घाण आहे ना, मग एकदाची काढून टाकू. स्वयंपाकघरातील लाकडी उलथणे घेऊन मी पेटीचा तळ या टोकापासून त्या टोकापर्यंत नांगरला. पाणी शाईसारखे काळे झाले, खोलीभर सडक्या अंड्यांचा वास कोंदला, आणि मी समाधानाने खिडक्या उघडून झोपलो. सकाळपर्यंत फिल्टर सारे गाळून टाकील, असा माझा हिशेब होता. पहाटे दिवा लावला तेव्हा तीन गोल्डफिश पोट वर करून तरंगत होते. चौथा हवेच्या नळीला तोंड लावून कसाबसा टिकून होता. सकर जगला, कारण वर येऊन हवा गिळण्याची सोय त्याच्या जातीला आहे. वर्षभर दाबून राहिलेले सारे एका तासात पाण्यात मिसळले होते आणि पाण्यातला होता नव्हता तो प्राणवायू त्याने संपविला होता.

साडेसहाच्या मिस्सेला मी उभा राहिलो तेव्हा डोळ्यांपुढे मासे नव्हते. दोन भाऊ होते.

यातले काहीही प्रायश्चित्त संस्कारातले नाही. जे घडले ते साऱ्या आळीला माहीत आहे. तरीही लिहिण्यापूर्वी मी दोघांना विचारले. धाकट्याने मान डोलावली. थोरला म्हणाला, "तुमचं चुकलं ते लिहिणार असाल तर लिहा."

मी २०१९ साली या धर्मग्रामात आलो तेव्हा त्या दोघांत पंधरा-सोळा वर्षांचा अबोला होता. वाडी वाटून घेतलेली, मध्ये बावखल, त्याच्या काठच्या अरुंद पट्टीवरून वाद. पण अबोल्यालाही एक चालरीत पडली होती. मुले इकडून तिकडे जात. सणाला थोरल्याच्या घरून राजेळी केळ्यांचा लोंगर कुंपणावर ठेवलेला असे, आणि तो कोणी ठेवला हे कोणी विचारीत नसे. अधूनमधून एखादा टोमणा उठे, फुटे, पुन्हा शांत. मला हे पाहवेना. २०२२ च्या प्रायश्चित्तकाळात एका शुक्रवारी, क्रुसाची वाट संपल्यावर, मी दोघांना पॅरिश कौन्सिलच्या दोन वडीलधाऱ्यांसमक्ष धर्मगुरुनिवासात बसविले आणि म्हणालो, "मनात जे जे आहे ते आज बाहेर काढा."

त्यांनी काढले. आईच्या आजारपणात औषधांचे पैसे कोणी दिले, बहिणीच्या लग्नात कोणाच्या बायकोचे दागिने मोडले, पट्टी विकायची गोष्ट बिल्डरशी कोणी आधी काढली. आणि मग धाकट्याने थोरल्याच्या पत्नीविषयी एक वाक्य उच्चारले, जे वीस वर्षे त्याच्या मनात असेल, पण तोंडातून कधी आले नव्हते. थोरला उठला, चप्पल पायात न घालता हातात घेऊन गेला. आठवड्यात कुंपणाच्या जागी सिमेंटची भिंत आली. त्यावर लोंगर ठेवता येत नाही. पुढच्या रविवारपासून थोरला मिस्सेला शेजारच्या गावी जाऊ लागला. मी वर्षभर म्हणत राहिलो की, मी माझे कर्तव्य केले. त्यांची मनेच कठीण.

गोरेगावच्या सेमिनरीत बेथेस्दाच्या तळ्याचा उतारा शिकविताना आमच्या प्राध्यापकांनी सांगितले होते की, देवदूत येऊन पाणी ढवळी हे वाक्य अतिप्राचीन हस्तलिखितांत आढळत नाही. जेरुसलेममधील संत आन्नाच्या मंदिराशेजारी उत्खननात त्या जोडतळ्याचे अवशेष सापडले, तेही त्यांनी खडूने आखून दाखविले. परीक्षेसाठी मी ते पाठ केले होते. त्या सकाळी वेदीपाशी मला वेगळेच आठवले. अडतीस वर्षे पडून असलेल्या त्या माणसाजवळ येशू आला तेव्हा त्याने पाण्याला हातही लावला नाही. आधी त्याने विचारले की, तुला बरे व्हायचे आहे का. मी त्या दोघांना हे विचारले नव्हते. बोलावले, बसविले, ढवळले.

पेटी मी टाकून दिली नाही. वेदीसेवकाने रबरी नळी आणून दिली. तिच्या टोकाने आठवड्याला खड्यांचा एकेक कोपरा हलके शोषून घ्यायचा, बादलीभर पाणी काढायचे, तेवढेच शिळे पाणी पुन्हा घालायचे, आणि उरलेल्या तळाकडे बघायचेही नाही. चार इंचांचा थर दीड इंचावर यायला अडीच महिने लागले. दाणे आता दिवसातून एकदा, चिमूटभर. काढलेले काळे पाणी बाई मोगऱ्याला घालतात.

थोरल्याच्या ओट्यावर मी जायला लागलो तो त्याच पावसाळ्यात. पहिल्या खेपेस त्याने बस म्हटले नाही. मी उभ्यानेच पावसाची चौकशी केली आणि निघालो. पुढे पाट मिळाला, पुढे चहा. भिंतीचा विषय मी काढत नाही. एकदा त्याने आपणहून विचारले, "तिकडचा पंप बंद आहे का? दोन दिवस आवाज नाही." मी म्हटले, "विचारून सांगतो." विचारून सांगितले. त्यावर तो काही बोलला नाही. तो अजून शेजारच्या गावीच मिस्सेला जातो. पुढच्या मे महिन्यात माझी बदली व्हायची आहे, आणि त्याआधी ती भिंत खाली येईल असे मला वाटत नाही.

गेल्या महिन्यात मी उठताना त्याने आतून राजेळीच्या दोन फण्या आणून स्कूटरच्या पिशवीत ठेवल्या. "फादर, एक तुम्हाला," एवढेच म्हणाला आणि आत गेला. दुसरीचे त्याने काही सांगितले नाही. मी भिंतीला वळसा घालून धाकट्याच्या दारात थांबलो आणि फणी त्याच्या हातात दिली. कोणाची ते मी बोललो नाही. राजेळी आता या आळीत दोनच वाड्यांत उरली आहे. त्याने ती उलटसुलट करून पाहिली.

"बावखलाकाठची का?" त्याने विचारले.

मी हो म्हटले. तो फणी घेऊन आत गेला, आणि बराच वेळ बाहेर आला नाही.