हौदा

गेल्या दिवाळीपासून आमच्या घरात पिकअप घेण्याचा विषय चालू आहे. धाकटा भाऊ अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गावी शेती पाहतो आणि मी गोंदियाला मराठी शिकवतो. त्यामुळे वाहनाच्या निवडीत माझ्या मताला फारशी किंमत असण्याचे कारण नाही. तरीही सुटीत गावी गेलो, की ओसरीवर माहितीपत्रके मांडलेली असतात, आणि आई म्हणते, "दादाला विचार, त्याला वाचता येते." वाचता येणे हाच ज्याचा धंदा आहे त्याला हे आवाहन टाळता येत नाही. मी वाचू लागलो, आणि वाचता वाचता या विषयात गुंतलो.

भावाची मूळ कल्पना धाडसी होती. घरचा ट्रॅक्टर जुना झाला आहे आणि त्याच्या इंजिनाचे मोठे काम निघाले आहे. तो विकून टाकावा आणि एकच पिकअप घ्यावी. तिच्या हौद्यात धानाचे कट्टे जातील आणि मागे आपली ट्रॉलीही जोडता येईल, असे त्याचे गणित. ही कल्पना त्याला मोबाईलवरच्या चित्रफितींनी दिली होती. त्यांत अमेरिकेतल्या अवाढव्य पिकअप नावा, घोड्यांच्या गाड्या, चाकांवरची घरे ओढत नेताना दिसतात. तिकडे हे वाहन शंभर वर्षांचे आहे. फोर्डने १९२५ साली आपल्या 'मॉडेल टी'ला मागे उघडी पेटी बसवून ते कारखान्यातूनच विकायला काढले. आज तिकडचा ग्राहक पिकअप किती वाहते याच्या बरोबरीने ती किती ओढते हेही विचारतो. मी चाळलेल्या आपल्याकडच्या माहितीपत्रकांत मात्र वाहण्याचा आकडा ठळक छापलेला होता. ओढण्याचा रकानाच नव्हता.

ओढणे आणि वाहणे ही क्रियापदे आपण किती सैलपणे वापरतो, हे मला त्या रिकाम्या रकान्यामुळे जाणवले. संसाराचा गाडा आपण ओढतो आणि जबाबदारीची धुरा वाहतो. वस्तुतः धुरा म्हणजे गाडीचे जू, म्हणजे तीही ओढायचीच गोष्ट. (आमच्याकडे धुरा म्हणजे शेताचा बांध. भाऊ म्हणाला, "धुरा वाहून गेला तर पावसाळ्यात बांधी फुटते." व्युत्पत्तीवरचे माझे व्याख्यान तिथेच संपले.) भाषेत हा सैलपणा खपतो, रस्त्यावर खपत नाही. वाहणाऱ्याच्या अंगावर ओझे असते, त्यामुळे त्याची चाके जमिनीला धरून राहतात. ओढणाऱ्याच्या मागे ओझे असते, आणि त्या ओझ्याला स्वतःची चाके व स्वतःचा वेग असतो. भरलेली ट्रॉली पिकअपहून जड असते आणि आमच्या ट्रॉलीला ब्रेक नाहीत. उतारावर पिकअपचा ब्रेक दाबला, की ट्रॉली तिला मागून ढकलणार. शिवाय ट्रॉलीच्या वजनाचा सुमारे दहावा हिस्सा हुकावर पडला पाहिजे. तो कमी पडला तर ती शेपटीसारखी हलू लागते, आणि फार पडला तर पिकअपचे मागचे पाटे बसतात व पुढची चाके हलकी होऊन सुकाणू सुटते. चढावर जड माल हलवताना क्लच जळतो तो वेगळाच. ट्रॅक्टर हे सारे निभावतो, कारण तो त्यासाठीच घडवलेला आहे. त्याची मागची चाके मोठी, गती संथ आणि हूक खाली असतो. दोनचाकी ट्रॉलीचे जे वजन हुकावर येते ते त्याच्या मागच्या चाकांना चिखलात पकडच देते. रिकामी पिकअप त्याच चिखलात जागच्या जागी चाके फिरवीत बसते, कारण तिच्या मागच्या आसावर भारच नसतो.

आणि ट्रॅक्टर केवळ ओढत नाही. रोवणीपूर्वी बांधीत चिखल करायचा तो त्यानेच, आणि धान चुरण्याचे यंत्र फिरते तेही त्याच्या मागच्या दांड्यावर. भावाला हे सगळे माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. पण आवडलेली कल्पना सोडायला माणसाला दुसऱ्याच्या तोंडून कारण ऐकावे लागते. ट्रॅक्टरचे इंजिन बांधून घ्यायचे ठरले आणि पिकअपला वाहण्यापुरतेच काम उरले.

मग प्रश्न राहिला कोणती, हा. 'टाटा एस' २००५ साली आली, आणि दोन सिलिंडरच्या या लहानग्या वाहनाला लोकांनी 'छोटा हत्ती' हे नाव दिले. आपल्या भाषेने गेल्या काही दशकांत केलेल्या उत्तम नामकरणांपैकी ते एक आहे, असे माझे मत. त्या मूळ गाडीची क्षमता पाऊण टनाची होती. बोलेरो पिकअप १.३ टनांपासून १.७ टनांपर्यंत आणि त्याहूनही वर मिळते. कट्टा ४० किलोचा धरला तर १.३ टनांत ३२ कट्टे बसतात आणि १.७ टनांत ४२. कागदावरचा हिशोब एवढाच. प्रत्यक्षात आधारभूत खरेदी केंद्रासमोर उभ्या पिकअपमध्ये मोजून ३२ कट्टे असलेले मी अजून पाहिलेले नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा मालासाठी २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये आहेत. तरी पाटे वाढवून घेण्याचा सल्ला गॅरेजवाले आपणहून देतात. भावाने लहान आकडा निवडावा यासाठी एक साधे कारण होते. ज्या मालवाहू वाहनाचे मालासह एकूण वजन ३,००० किलोंच्या आत असते, त्याला परवाना लागत नाही. चालक परवान्याची अडचणही नव्हती. साडेसात हजार किलोंपर्यंतचे मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्के केले.

इथवर सारे सरळ होते. मग भाऊ म्हणाला, "हौदा मोठा हवा. रोवणीला बायका आणायच्या आहेत."

मी शब्दकोशाकडे वळलो, ही माझी सवयच. हौदा हा शब्द अरबी 'हौदज'वरून आला. मूळ अर्थ उंटावरची झाकलेली बैठक, आणि तीत प्रामुख्याने स्त्रिया बसत. फारसीतून तो इकडे आला आणि हत्तीवर चढला. त्यात राजे बसू लागले. मराठीत तो पुढे मालमोटारीच्या मागच्या उघड्या पेटीला लागला, आणि माणसांच्या जागी पोती आली. आता जुलै महिन्यात त्याच हौद्यात पुन्हा स्त्रिया उभ्या असतात, एकमेकींना धरून, डोईवर प्लास्टिकच्या खोळी घेऊन. शब्दाचा प्रवास वर्तुळ पुरे करतो असे वर्गात सांगायला हे उदाहरण छान आहे. पण त्या वर्तुळात कोण कुठे बसते ते पाहिले, की ते सांगण्याचा उत्साह राहत नाही.

भावाचा मुद्दा खोटा नाही. पऱ्हे तयार झाले, पाऊस लागला, की दहापंधरा दिवसांत साऱ्या गावाला एकाच वेळी बायका हव्या असतात. ज्याची गाडी दारात येते त्याच्या बांधीत त्या जातात. शेजारच्या गावच्या एका म्हाताऱ्या मजूर बाईंना मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "गाडी येत असंल तं येतो, मास्तर. पायी गेलो तं अर्धा दिस वाटंतच जाते." गाडी ही आता मजुरीचाच एक भाग झाली आहे, आणि ती मागण्याचा त्यांना पुरा अधिकार आहे. पण त्यांनी मागितली ती गाडी. हौदा त्यांनी मागितलेला नाही. हा फरक मी भावापुढे ठेवला.

बालाघाट ओलांडले की छत्तीसगडचा कबीरधाम जिल्हा लागतो. तिथे २० मे २०२४ रोजी तेंदूपाने तोडून परतणाऱ्या बैगा मजुरांची पिकअप दरीत कोसळली आणि १९ जण मरण पावले. त्यांत बहुतेक बायका होत्या. तेंदूचा हंगाम आमच्याही जिल्ह्यात असतो, आणि पिकअपही असतात. हौद्याची फळी कट्टे अडवण्याइतकीच उंच असते. उभ्या माणसाच्या ती मांडीपर्यंत येते. पोती वळणावर कलत नाहीत, माणसे कलतात, आणि वीस माणसे एका बाजूला कलली की वाहनाचा तोलच बदलतो. कायदा मालवाहू वाहनातून अशी माणसे नेऊ देत नाही, आणि त्याचा विमाही मुख्यतः मालासोबत जाणाऱ्या मालकाची किंवा त्याच्या प्रतिनिधीचीच कल्पना करतो.

दोन रांगा आसनांची, लहान हौद्याची कॅम्पर घ्यावी असे मी सुचवून पाहिले. भावाने शांतपणे हिशोब मांडला. चालक धरून पाच माणसे, रोवणीच्या बायका पंधरा. म्हणजे तीनचार फेऱ्या, आणि कट्टे निम्मेही नाहीत. त्याचे बरोबर होते. शेवटी आईने विचारले, "पंधरा दिवसांसाठी काळी-पिवळी सांगितली तर काय घेईल?" इतके महिने आम्ही दोघे भाऊ एकाच वाहनात ओढणे, वाहणे आणि माणसे नेणे बसवू पाहत होतो, तिघांसाठी तीन वाहने असू शकतात, हे तिला सहज सुचले. भाव विचारला. तो भावाला जड वाटला, आणि खरोखर जडच आहे. एकरी खर्चात तो कसा बसवायचा यावर आमचे एकमत अजून झालेले नाही. निम्मा मी द्यावा असे ठरते आहे.

अक्षय्य तृतीयेला १.३ टनांची पिकअप दारात आली. मोठा हौदा घेतला नाही. गावात लोक विचारतात, एवढी लहान का? भाऊ परवान्याचे कारण सांगतो, जे खरे आहे. शेजाऱ्यांच्या रोवणीला ती भाड्याने जाईल तेव्हा काय, हे मी त्याला विचारले आहे. तो म्हणाला, "दादा, आपल्या बांधीचे मी सांगू शकतो. मृग लागू दे, मग बाकीचे पाहू." काळी-पिवळीवाल्याने विसार मागितला आहे. तो या रविवारी द्यायचा आहे.