कात्रीच्या सोयीची गाणी

ज्या रसिकांचा कान संगीत नाटकांवर पोसला, त्यांना गायक-नटाची महती सांगावी लागत नाही. सिंधू अथवा भामिनी यांसारख्या नायिकेच्या तोंडची पदे वगळली, तर नाटकाला अंगवैकल्य येते एवढेच नव्हे, ते पात्रच आपल्याला परके वाटू लागते. कारण तिचे दुःख किंवा तिचा मान आपल्यापर्यंत पोचलेला असतो तो त्या सुरांतूनच. गाणे आणि भूमिका यांच्या या अद्वैतावर ज्याची श्रद्धा आहे, त्याने लीना हॉर्न या अमेरिकन गायिकेच्या चित्रपटांची हकीकत वाचावी, म्हणजे कलावंताचा अवमान किती सफाईने करता येतो हे त्याला कळून येईल. मेट्रो-गोल्डविन-मेयर या बलाढ्य कंपनीने १९४२ साली तिच्याशी करारनामा केला, उंची पोशाख चढवून तिला पडद्यावर आणले, आणि बहुतेक चित्रपटांत तिची गाणी कथानकापासून बुद्ध्याच अलग ठेवली. अशासाठी की, दक्षिणेकडील राज्यांतल्या चित्रगृहांना ती बिनदिक्कत कापून टाकता यावीत आणि कापल्याची खूणही प्रेक्षकांस उमगू नये. लीना कृष्णवर्णीय होती, एवढेच त्याचे कारण.

३० जून १९१७ रोजी ब्रुकलिनमधील एका सुशिक्षित, खाऊनपिऊन सुखी अशा कुटुंबात तिचा जन्म झाला. आजी कोरा ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणारी करारी स्त्री होती. तिने या नातीला दोन वर्षांची असतानाच त्या चळवळीच्या संस्थेची सभासद करून घेतले. आई नटी, तिच्या फिरत्या संसारामुळे मुलीचे बालपण गावोगाव विखुरले. सोळाव्या वर्षी लीना हार्लेममधील कॉटन क्लबच्या नर्तकींच्या ताफ्यात दाखल झाली. तेथे रंगमंचावर सारे कृष्णवर्णीय आणि समोरच्या मेजांवर केवळ गौरवर्णीय, असा शिरस्ता होता.

पुढे नोबल सिसल यांच्या वाद्यवृंदात आणि १९४० च्या अखेरीस चार्ली बार्नेट या गौरवर्णीय वादकाच्या बँडमध्ये ती गायिका झाली. बिग बँडची शिस्त मोठी कडक. पंधरा-सोळा वादक, त्यांतले बहुसंख्य ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन अशा सुषिर वाद्यांचे. समोर नाचणाऱ्या जोडप्यांच्या पावलांशी जखडलेली लय. आणि तीन-सव्वातीन मिनिटांत संपणारी तबकडी. गायिकेने बाजूच्या खुर्चीवर शांत बसून राहावे, पाळी येताच मायक्रोफोनपाशी उभे राहून आपला भाग गावा, आणि पुन्हा खुर्ची गाठावी. राग उलगडीत नेण्याचा आपल्या मैफलीतला ऐसपैस अवकाश तेथे नाही. एखाद्या शब्दावर किंचित रेंगाळावे आणि तरीही समेचा हिशेब चुकता करावा, एवढीच काय ती मुभा. लीनाचे शब्दोच्चार इतके स्वच्छ आणि धारदार झाले त्याचे श्रेय, माझ्या मते, या तालमीला द्यावयास हवे. परंतु बँड गावोगाव हिंडू लागला की वादकांना उतरण्यासाठी जे हॉटेल मिळे, त्याचे दार गायिकेला पुष्कळदा बंद असे.

हॉलिवूडशी करार होण्यापूर्वी तिचे वडील स्वतः कंपनीच्या प्रमुखाला भेटले, आणि आपल्या मुलीला मोलकरणीच्या भूमिका देण्यात येऊ नयेत असे त्यांनी निक्षून सांगितले. त्या काळी कृष्णवर्णीय नटीला याहून निराळी भूमिका क्वचितच लाभे. अट पाळली गेली. मात्र मोलकरीण नाही आणि नायिकाही नाही, अशा अधांतरी अवस्थेत, सुंदर वस्त्रे लेवून एखाद्या खांबाला टेकून गाणे, हेच तिच्या वाट्यास आले. १९४३ मध्ये ‘कॅबिन इन द स्काय’ आणि फॉक्स कंपनीचा ‘स्टॉर्मी वेदर’ हे सर्वस्वी कृष्णवर्णीय नटसंचाचे दोन चित्रपट निघाले, तेवढ्यांतच तिला खरीखुरी भूमिका लाभली. ‘शो बोट’ या संगीत नाटकातील ज्यूली ही मिश्र रक्ताची गायिका तर जणू तिच्यासाठीच लिहिलेली, १९४६ च्या एका चित्रपटात त्या नाटकातील छोट्याशा प्रवेशात तिने ज्यूलीचे गीत गाऊनही दाखविले होते. पण १९५१ साली त्या नाटकावर चित्रपट आला तेव्हा ती भूमिका गौरवर्णीय नटी एव्हा गार्डनर हिला देण्यात आली, आणि तिच्या गाण्याला आवाज तिसऱ्याच बाईचा लावण्यात आला. हे पडद्यावर पाहताना आजही मला संताप आवरत नाही.

तिचे तेज लपून राहिले नव्हते. युद्धकाळात एका लष्करी छावणीत तिचे गायन योजिले असता, पुढच्या आसनांवर जर्मन युद्धकैदी आणि त्यांच्या मागे अमेरिकेचेच कृष्णवर्णीय सैनिक बसविलेले तिला दिसले. ती मंचावरून खाली उतरली, कैद्यांना ओलांडून मागे गेली, आणि त्यांच्याकडे पाठ करून आपल्या सैनिकांपुढे गायली. पॉल रोबसन या डाव्या विचारांच्या कृष्णवर्णीय गायक-नटाशी असलेला स्नेह आणि असली निर्भीड वृत्ती यांमुळे १९५० साली तथाकथित साम्यवाद्यांच्या यादीत तिचे नाव आले, आणि चित्रपट व दूरचित्रवाणी यांची दारे काही वर्षे बंद झाली. मग तिने उंची हॉटेलांतल्या मैफली गाजविल्या. १९५७ सालचे वॉल्डॉर्फ-अस्टोरिया येथील ध्वनिमुद्रण ऐकावे: स्वर निर्दोष, शब्द कोरल्यासारखे, आणि श्रोत्याला हाताच्या अंतरावर थोपवून धरणारी एक शीतल अदब. त्या श्रोत्यांना गायिका मिळेल, तिच्यातली बाई मिळणार नाही, असा तिचा निर्धार होता, हे तिने पुढे स्वतःच सांगितले. १९६३ च्या ऑगस्टात वॉशिंग्टनच्या विराट मोर्चात ती सामील झाली. १९७० आणि १९७१ या सालांत, वर्षभराच्या अवधीत, वडील, पुत्र आणि पती ही तिन्ही माणसे तिने गमावली.

१९८१ च्या मे महिन्यात ब्रॉडवेवर तिच्या आयुष्याचा आणि गाण्यांचा प्रयोग सुरू झाला. ३३३ प्रयोग होऊन तो थांबला, तो तिच्या पासष्टाव्या वाढदिवशी. ९ मे २०१० रोजी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, न्यूयॉर्क शहरी ती निवर्तली. तिच्या ध्वनिमुद्रणांपैकी मी वारंवार वळतो ते या ब्रॉडवेवरील प्रयोगाकडे. ‘स्टॉर्मी वेदर’ हे गीत ती त्यात दोनदा म्हणते. पहिल्या खेपेस चाल, ठेवण, मर्यादा सारे पूर्वीच्या ओळखीचे, आणि सुंदरही. उत्तरार्धात तेच गीत पुन्हा येते, तेव्हा आवाज खरखरतो, ओरडतो, मध्येच फाटतो, लय ती हवी तशी ताणून धरते, आणि जपून ठेवलेला क्रोध व शोक दोन्ही उघड्यावर येतात. जाणत्यांना पहिले गायन अधिक नेटके वाटेल, आणि ते आहेही. मी मात्र दुसऱ्यासाठी ते पहिले आनंदाने देऊन टाकीन.