ताजी की मुरलेली?

‘मुरणे’ या क्रियापदावर आपल्या मराठी माणसांची फार भक्ती. लोणचे मुरलेले हवे, मुरांबा मुरलेला हवा, गवई तर मुरलेलाच हवा. एखादा मनुष्य पुढारीपणात मुरला म्हणजे आपण त्याला नावे ठेवतो खरी, पण त्या नावे ठेवण्यातही थोडे कौतुक असतेच. ‘ताजे’ हे विशेषण आपण दूध, भाजी आणि बातमी यांच्यापलीकडे फारसे जाऊ देत नाही. तेव्हा माझ्या पुतण्याने परवा मला सांगितले की, ‘काका, ही बिअर आजच्या आज प्या, ठेवू नका,’ तेव्हा माझ्यातला बरणीवर फडके बांधून ठेवणारा मराठी गृहस्थ जरा दुखावलाच.

दिवाळीच्या अंकात बिअरचा विषय! वाचकांनी भुवया चढवण्यापूर्वी एवढेच सांगतो की, मी कुणाला प्यायला सांगत नाही. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा नाव बदलून आजही जागेवर आहे, आणि महाराष्ट्रात पिणाऱ्याने खिशात परवाना बाळगावा अशी अपेक्षाही आहे. माझ्या खिशात तो आहे. हिला तो रेशनकार्डाच्या खाली ठेवलेला आवडत नाही, एवढीच आमची गृहकलहाची बाब.

आता पुतण्याविषयी. हा आमच्या दादाचा मुलगा. केमिकल इंजिनिअर. चाकणला मोटारींच्या कारखान्यात चांगल्या नोकरीत होता. बस दारात येई, सणाला बोनस मिळे. एक दिवस ती सोडून पुण्याजवळच्या एका लहानशा बिअरच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळायला गेला. घरात स्फोट झाला असता तर बरे झाले असते, असे वहिनी म्हणतात. झाले उलटेच. दादा बोलायचा बंद झाला. ‘जेवलास का’ आणि ‘गाडीत हवा भर’ या दोन वाक्यांवर बापलेकांचा दोन वर्षे संसार चालला. त्यातून मुलगा लग्नाचा. स्थळे येत, आणि ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाशी सगळे अडे. वहिनी ‘खाद्यपदार्थांच्या कंपनीत आहे’ म्हणत. मग पाहुणे विचारीत, ‘बिस्किटे का?’

गंमत अशी की, दादाचे सगळे आयुष्य पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्समध्ये गेले. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभा राहिलेला हा कारखाना. आपल्या देशातले पेनिसिलिन तिथे होऊ लागले ते १९५५ पासून. पिंपरीची आजची उद्योगनगरी नंतर भोवती वाढली. दादा तिथे फर्मेंटरवर होता. बुरशीला साखर घालायची, हवा घालायची, ऊबदार ठेवायची आणि तिने आपल्या पोटातून औषध काढून द्यायचे. दुसरा कुठलाही जंतू त्या टाकीत शिरला की सगळा माल गटारात. दादा रात्री दोन वाजता उठून सायकलवरून कारखान्यात गेलेला मी पाहिला आहे, कारण टाकीचा वास बदलला असा फोन आला होता. बुरशी आणि यीस्ट ही चुलतभावंडेच म्हणायची. पण एकीने औषध दिले म्हणून ती सोवळी, आणि दुसरीने मद्य दिले म्हणून ओवळी. दादाला हे कोण सांगणार?

मूळ मुद्द्याकडे येतो. बिअरमध्ये कडवटपणा येतो तो हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांनी. ही वेल भांगेच्या कुळातली; आपल्याकडे हिमाचलात लाहौलला तिची लागवड होते. फुले उकळत्या रसात घातली की कडूपणा उतरतो, आणि शेवटी किंवा रस थंड झाल्यावर घातली की सुवास उतरतो: कधी संत्र्याच्या सालीचा, कधी कैरीचा, कधी पावसानंतरच्या गवताचा. कडूपणा बराच टिकतो. सुवास मात्र पाहुणा. ती तेले उडून जातात, आणि बाटलीत राहिलेला प्राणवायू उरलेल्यांचे रूप पालटून टाकतो. हवा, उष्णता आणि ऊन हे तिघे शत्रू. उन्हाने तर काही मिनिटांत घाण वास सुटू शकतो. बाटल्या तपकिरी काचेच्या करतात त्या त्यासाठी. उष्णतेचा ढोबळ हिशेब असा की, दर दहा अंशांना बिघाडाचा वेग दुपटीच्या आसपास जातो. म्हणजे चिंचवडच्या माळ्यावर एप्रिल काढणारी बाटली किती म्हातारी होत असेल, ते तुम्हीच मोजा.

पण मग मला इतिहास आठवला आणि मी पुतण्याला अडवले. ज्या कडवट बिअरला जग ‘इंडिया पेल एल’ म्हणते, ती तर आपल्याच देशासाठी मुरवलेली! लंडनच्या पूर्वेला बो येथे हॉजसन नावाचा बिअरवाला होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांचे कप्तान त्याच्याकडून उधारीवर पिंपे भरून घेत. आफ्रिकेला वळसा घालून चार ते सहा महिने ती पिंपे विषुववृत्त दोनदा ओलांडून मुंबईला, कलकत्त्याला येत. १८२२ च्या सुमारास बर्टन गावचा ऑलसॉप या धंद्यात उतरला आणि हॉजसनला मागे सारू लागला. पुढे गोऱ्या सोल्जरांसाठी इथेच बिअर होऊ लागली. मीकिन नावाच्या साहेबाने जिथे जिथे बिअरचे कारखाने चालवले त्या गावांत कसौली, दार्जिलिंगबरोबर आपली खडकीही आहे. दापोडीचा पूल ओलांडला की खडकी! तेव्हा ही आमची गाववालीच.

‘मग सहा महिने हेलकावे खाऊन ती चांगली लागे ना?’ मी विचारले.

पुतण्या हसला. म्हणाला, ‘काका, लागे. पण ती वेगळी वस्तू होती.’ आणि त्याने सांगितले ते मला पटले. त्या लोकांनी हॉप्स घातले ते मुख्यतः टिकवण्यासाठी; इतके की ताजी असताना ती तोंडात धरवत नसे. प्रवासात कडूपणा मवाळ होई. शिवाय लाकडी पिंपात एक रानटी यीस्ट वस्तीला असे, ते सावकाश काम करीत राही. १९०४ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत क्लाउसेन या शास्त्रज्ञाने ते जुन्या इंग्रजी बिअरमधून वेगळे काढले आणि नावच ‘ब्रिटिश बुरशी’ या अर्थाचे ठेवले. आजही बेल्जियममधल्या ऑर्व्हालच्या मठाची बिअर हॉप्सचा सुवास आणि हे रानटी यीस्ट दोन्ही घेऊन बाटलीत उतरते. काही जण ती ताजीच पितात, काही वर्षभर ठेवतात, आणि दोघेही एकमेकांना अडाणी समजतात. आजची साधी कडवट बिअर मात्र गाळलेली, स्वच्छ, सुवासावर उभी. तिच्या पोटात मुरवणारे कुणी शिल्लकच नाही. ती मुरत नाही, नुसती शिळी होते.

हा फरक आपल्या बायकांना न सांगता कळतो. चाकणच्या बाजारात जाऊन पाहा. खरिपाचा लाल कांदा महिना-दीड महिन्यात संपवायचा. उन्हाळी कांदा मात्र चाळीत पाच-सहा महिने राहतो. कुणी लाल कांदा चाळीत भरून ‘आता मुरेल’ म्हणून बसत नाही. मावळातल्या इंद्रायणी तांदळाचेही तसेच. नवा असताना भात चिकट होतो, पण घरभर वास सुटतो. वर्षाने भात मोकळा होतो आणि वास मंदावतो. आमची ही पाहुण्यांना जुना वाढते, आणि घरच्या माणसांना वरणाबरोबर नवा. मला विचाराल तर तो मान घरच्यांचाच मोठा.

तरीही पाहिल्याशिवाय मानायचे नाही, असे ठरले. फेब्रुवारीत पुतण्याने एकाच दिवशी भरलेल्या सहा बाटल्या आणल्या. तीन आमच्या फ्रिजमध्ये, तीन माळ्यावर पितळी घंगाळ्याच्या मागे. ऑगस्टमध्ये त्याने चार दिवसांपूर्वी भरलेली एक नवी बाटली आणली आणि तीन पेल्यांत तीन बिअरी ओतून खाली अ, ब, क अशा चिठ्ठ्या चिकटवल्या. कोणती कुठली, ते त्याने कुणालाच सांगितले नाही. दादा वर्तमानपत्र वाचीत कोपऱ्यात बसला होता. तो पीत नाही, कधी प्यायलाही नाही.

मी ‘अ’ घेतली. संत्र्याची साल आणि गवत. ‘क’ तशीच, जरा मिटलेली. ‘ब’ गोडसर आणि कसलीतरी उदास. मला शब्द सापडेना. तेवढ्यात दादा उठला. त्याने तिन्ही पेले एकेक करून नाकाशी धरले, वर्षानुवर्षे नमुन्याच्या चंचुपात्रांना धरी तसे, अंगठ्याने कड पुसून. ‘ब’ खाली ठेवीत म्हणाला, ‘ओला पुठ्ठा.’

‘बरोबर, बाबा!’ पुतण्या जवळजवळ ओरडलाच. ‘आमच्या परीक्षेतला शब्द हाच आहे.’

मग दादाने विचारले, ‘बाटली भरताना हवा किती जाते?’

दोन वर्षांतला हा पहिला लांब प्रश्न. पुतण्याने उत्तर दिले. अब्जात अमुक भाग, असे त्याचे हिशेब असतात. दादाला आकडा पटेना. आपण टाकीत निर्जंतुक हवा घालण्यासाठी आयुष्य घालवले आणि हा मुलगा ती बाहेर ठेवण्यासाठी घालवतो आहे, हे त्याला फार मजेदार वाटले असावे, कारण तो चक्क हसला. मग सांगू लागला की, पेनिसिलिनची कोरडी पूड वर्षानुवर्षे राहते, पण पाण्यात कालवली की फ्रिजमध्येसुद्धा आठवडाभराचीच सोबत. आणि दवाखान्यात उरलेले औषध उद्याला ठेवणाऱ्यांचा त्याला किती राग येई. रानटी यीस्ट मुद्दाम टाकीत सोडणारे साधू बेल्जियममध्ये आहेत हे ऐकल्यावर मात्र त्याने कपाळाला हात लावला. वहिनींनी तीनदा पाने वाढल्याचे सांगितले. कुणी उठले नाही.

माझे मत विचाराल तर, हॉप्सवाली बिअर ताजीच. ठेवायचीच असेल तर थंडीत आणि अंधारात, आणि तीही दोन-तीन महिने. ज्यांना मुरवण्याची हौस आहे त्यांनी जड, जास्त मद्यार्काची, काळी किंवा रानटी यीस्टची घ्यावी. तिला वेळ मानवतो. माळ्यावरच्या उरलेल्या दोन बाटल्या हिने कुंड्यांत ओतल्या. शेवंतीने अजून तरी तक्रार केलेली नाही.

गेल्या महिन्यात निगडीहून एक स्थळ आले होते. मुलीच्या वडिलांनी नेहमीचा प्रश्न विचारला. वहिनींनी ‘खाद्यपदार्थांच्या...’ अशी सुरुवात केली, तोच दादा मध्ये म्हणाला, ‘तो फर्मेंटरवर असतो. मीही फर्मेंटरवरच होतो.’ आणि पाहुण्यांना चहा संपवू न देता त्याने हवेचा हिशेब समजावून सांगायला घेतला.