भिंतीत मुरलेली आग

पुण्यात प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांमधून १९५०च्या आसपास बांधलेले बंगले अजून अधूनमधून दिसतात: दीड विटेच्या भिंती, सागवानी चौकटी, शहाबादी फरशी. त्या भिंतींमध्ये आग मुरलेली आहे. वीट भट्टीत भाजली, चुना भट्टीत भाजला, सिमेंटसाठी चुनखडक सुमारे १४५० अंशांपर्यंत तापला. ते जळण केव्हाच संपलं, धूर हवेत मिसळला आणि त्या मोबदल्यात ही भिंत उभी राहिली. ती पाडून धूर परत घेता येत नाही. नव्या भिंतीसाठी मात्र नव्याने सोडावा लागतो. सिमेंट करताना निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा निम्म्याहून अधिक भाग इंधनातून नव्हे, खुद्द चुनखडकातून येतो. कारखाना उन्हाच्या विजेवर चालवला तरी तो थांबत नाही. म्हणून छपरावर सौर पॅनल मिरवणारी नवी इमारतही पहिल्याच दिवशी कर्जात असते. जुनं घर हे कर्ज फेडून बसलेलं आहे, आणि आपण तेच आधी पाडायला निघतो, याचं वाईट वाटतं.

जुनी घरं गळतात, भिंतींना ओल येते, स्लॅबच्या सळया गंजतात, हे खरंच आहे. पण ओल पुष्कळदा आपणच कोंडलेली असते. चुन्याच्या गिलाव्यावर ऑइलपेंट चढवला की आतलं पाणी बाहेर पडायची वाट बंद होते आणि रंगाचे पोपडे सुटतात. तो रंग खरवडून पुन्हा चुना लावला की भिंत हळूहळू सुकते. सळई फुगून काँक्रीट सुटलं असेल, तर सैल भाग काढून, गंज घासून तेवढाच तुकडा नव्याने भरता येतो. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये पायाच खचलेला निघाला, तर मात्र हट्ट धरू नये. माणसांपेक्षा वीट मोठी नाही.

याहून वजनदार आक्षेप जागेचा आहे: शहरात माणसं मावत नाहीत, तिथे एका कुटुंबाने एवढा प्लॉट का अडवावा? आक्षेप रास्त आहे, पण त्याला पाडणं हे एकच उत्तर नाही. फ्रान्समध्ये बोर्दो शहरात १९६०च्या दशकातल्या तीन इमारतींमधली ५३० घरं लाकातों आणि व्हासाल या वास्तुरचनाकारांनी सहकाऱ्यांसह, रहिवाशांना न हलवता वाढवली; प्रत्येक घरापुढे काचेची रुंद पडवी जोडली. आपल्या बंगल्याचा पाया तपासून, झेपेल तेवढंच वजन ठेवून, लोखंडी सांगाड्याचा हलका मजला वर चढवता येतो. वाढीव खोलीसाठी भिंत उघडावी लागली, तर चुन्यात बांधलेली वीट हातोडीच्या हलक्या टोल्याने अख्खी सुटते, कारण चुना विटेपेक्षा मऊ असतो. सिमेंटमधली वीट तुटते आणि राडारोड्यात जाते. सुटलेल्या विटा नव्या कट्ट्याला पुरतात. जिना बाहेरून काढला की खालची एकही खोली मोडावी लागत नाही, आणि धाकट्या भावाचं बिऱ्हाड वर थाटता येतं.