डेटाचा हात

दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागायचं, तेव्हा दादा कॅप्टन कर्कच्या बाजूचा आणि मी स्पॉकच्या. इंग्रजी निम्मं डोक्यावरून जायचं. पण एका भागात खाणीत माणसं मारणारा दगडी प्राणी म्हणजे एक आई आहे, आणि कामगार बिनकामाचे गोळे समजून फोडताहेत ती तिची अंडी आहेत, हे मला शब्दांवाचून समजलं होतं. स्पॉक तिच्या अंगावर हात ठेवतो आणि तिची वेदना त्याच्या तोंडून बाहेर पडते. त्या दिवसापासून स्पॉक माझा झाला.

केबल आल्यावर पुढच्या पिढीच्या ‘स्टार ट्रेक’मधला डेटा भेटला. यंत्रमानव, फिकट सोनेरी चेहऱ्याचा, माणसं का हसतात ते मनापासून शिकू पाहणारा. त्याच्यावरचा ‘द मेझर ऑफ अ मॅन’ हा १९८९चा भाग मी किती वेळा पाहिला असेल! तो लिहिणारी मेलिंडा स्नॉडग्रास आधी वकिली करत होती, आणि ते जाणवतं. मॅडॉक्स नावाच्या शास्त्रज्ञाला डेटा खोलून त्याच्यासारखे अनेक बनवायचे आहेत. डेटा नकार देतो, राजीनामा देतो. मग प्रश्न उभा राहतो, की मालमत्तेला राजीनामा देता येतो का?

न्यायालयात जहाजाचा कॅप्टन पिकार्ड डेटाची बाजू मांडतो. त्याला सगळे लक्षात ठेवतात. जहाजावरची गायनन त्याला मोजक्या वाक्यांत गुलामगिरीपर्यंत नेऊन पोचवते, तो प्रसंग मोठाच आहे. माझं मन मात्र अडकलं रायकरमध्ये. खटला चालतो त्या तळावर माणसं अपुरी, म्हणून डेटाविरुद्ध बाजू मांडायचं काम त्याच्या या मित्राकडे येतं. त्यानं नाही म्हटलं किंवा हात राखून काम केलं, तर न्यायाधीश तिथल्या तिथे डेटाला वस्तू ठरवणार. म्हणून तो डेटाचे आराखडे उघडतो. वाचता वाचता त्याला हवं ते सापडतं आणि चेहरा उजळतो. दुसऱ्या क्षणी, आपण कशानं आनंदलो हे ध्यानात येऊन तो विझतो. नंतर भर न्यायालयात तो डेटाचा हात निखळवून दाखवतो आणि त्याला बंद करतो.

बारा वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयात एका सहकाऱ्याची विभागीय चौकशी लागली आणि सादरकर्ता अधिकारी म्हणून, म्हणजे त्याच्याविरुद्ध बाजू मांडायला, माझी नेमणूक झाली. आम्ही नऊ वर्षं एका टेबलावर डबा खाल्लेला. मी कागद घरी आणून वाचत बसले. तिसऱ्या रात्री साठा नोंदवहीत माल पोचण्याच्या दोन दिवस आधीची, त्याच्या सहीची पोच सापडली. “सापडलं!” मी मोठ्यानं म्हणाले. स्वयंपाकघरातून आईनं विचारलं, काय गं? मला उत्तर देता येईना.

ते पान मी चौकशीत मांडलं. त्याच्या दोन वेतनवाढी रोखल्या गेल्या. त्यानंतर तो डबा घेऊन माझ्या टेबलाशी आला नाही, आणि मीही त्याच्याकडे गेले नाही.

रायकरपाशी एक कारण होतं, की त्यानं कुचराई केली असती तर डेटाचंच वाटोळं झालं असतं. मला तसं काही नव्हतं. मी पान उलटून पुढे गेले असते तर कुणाला कळलं नसतं. तरी मांडलं, आणि आजही मांडेन; चौकशीत एकासाठी पान लपवलं, तर उद्या निर्दोष माणसानं कशावर विश्वास ठेवायचा? पण हे पटण्यानं त्या रात्रीचा आनंद पुसला जात नाही.

निकाल डेटाच्या बाजूनं लागतो. शेवटी तो रायकरला शोधत येतो आणि सांगतो, की त्या कृतीनं तुला जखम झाली आणि मी वाचलो. हे ऐकायचा हक्क मला नाही, हे मी जाणून आहे. पण तो येण्याआधी, रिकाम्या अंधाऱ्या खोलीत रायकर एकटा बसलेला असतो. तेवढीच काही सेकंदं मी दर वेळी मागं नेऊन पुन्हा पाहते.